कोर्सवर्कच्या आधीची गोष्ट

संशोधक विद्यार्थ्यांना सर्जनशील विचार करायला शिकवावं, त्यासाठी कार्यशाळा घ्याव्यात, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. ती यायला इतका वेळ का लागला हे मुंबईपुरतं पाहायचं, तर १८५७ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम. शिकवणं कॉलेजांकडे होतं आणि संशोधन कोणाच्याच वाट्याला नव्हतं. रानडे आणि भांडारकर १८६२ साली पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत होते. भांडारकर पुढे थोर संशोधक झाले, पण त्याचं श्रेय त्या परीक्षापद्धतीला देता येणार नाही.

त्या काळात नवे प्रश्न विचारले जात होते ते बाहेर. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर. दवाखाना सांभाळून ते शिलालेख वाचत, अजिंठ्याच्या लेखांवर एशियाटिक सोसायटीत निबंध सादर करत, आणि कुष्ठरोगावरच्या औषधाचाही शोध घेत. आज असा अर्ज कुठल्याही समितीपुढे गेला, तर 'आधी विषय नक्की करा' म्हणून परत येईल.

अडचणीतून युक्ती कशी सुचते याचं मुंबईतलं ठळक उदाहरण प्लेगच्या साथीतलं आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आढळला आणि जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन शहरात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. जंतू वाढवायचे होते मांसाच्या रश्शात, पण गोमांस किंवा डुकराचं मांस वापरलं तर लस कोण टोचून घेणार? त्यांनी बकऱ्याचं मांस वापरलं. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांच्या खालच्या बाजूने जंतूंची वाढ झुंबरासारखी लोंबत उतरते, हे त्यांनी हेरलं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली लस स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यातूनच उभी राहिली.

विद्यापीठाला शिकवण्याची आणि संशोधनाची वाट कायद्याने मोकळी झाली ती १९०४ मध्ये. तरी प्रत्यक्षात विभाग उभे राहायला आणखी बराच काळ गेला. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडेस यांच्या हाताखाली समाजशास्त्र विभाग सुरू झाला आणि १९२४ मध्ये तो गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. घुर्यांची शिस्त करडी होती. मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं पाहिली, की एकाच साच्यातून निघालेली माणसं दिसत नाहीत. इरावती कर्वे मानववंशशास्त्राकडे गेल्या. एम. एन. श्रीनिवास गावात जाऊन राहिले. अ. र. देसाई तर मार्क्सवादी, म्हणजे गाइडच्या विचारांच्या दुसऱ्या टोकाला; त्यांनीही घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहिला. गाइडशी मतभेद ठेवून पीएचडी मिळते, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या कल्पकतेला दहा व्याख्यानांपेक्षा जास्त बळ देत असणार, असं मला वाटतं.

दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण जरा सविस्तर सांगावंसं आहे. ते गणिती. होमी भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, तेव्हा कोसंबी तिथे आले. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. संख्याशास्त्राचा सराव करायला हाताशी काहीतरी खरी सामग्री हवी, म्हणून त्यांनी त्याआधीच प्राचीन आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या, नाण्यांचं वजन करायला घेतलं होतं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणजे वजनातली घट त्याचं वय सांगेल, हा तर्क. तो पडताळायला त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही हजारोंनी तोलली. मग तक्षशिलेच्या नाण्यांत असं दिसलं, की मागच्या बाजूचे छाप जितके जास्त, तितकं वजन कमी. म्हणजे ते छाप नाणं फिरत असताना वेळोवेळी पडलेले. ज्या ठशांकडे अभ्यासक चित्रं म्हणून पाहत होते, त्यांतून काळाचा क्रम लागू लागला. यात प्रतिभा आहेच, पण ती तराजूपाशी तासन् तास बसून कामाला आलेली आहे. एका विषयातलं हत्यार दुसऱ्या विषयात नेणं हे शिकता येण्याजोगं कौशल्य आहे, आणि तेच आपण सर्वांत कमी शिकवतो.

सर्जनशीलतेचा शास्त्रीय अभ्यास परदेशात सुरू होऊन बराच काळ झाला. ग्रॅहॅम वॉलास यांनी १९२६ मध्ये तयारी, मनात मुरणं, उलगडा आणि पडताळणी असे चार टप्पे मांडले. १९५० मध्ये गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांपुढच्या अध्यक्षीय भाषणात या दुर्लक्षित विषयाकडे लक्ष वेधलं आणि पुढे चाचण्यांची रांग लागली. आपल्याकडे हे बी.एड.च्या पुस्तकांत पोचलं, प्रयोगशाळेत आणि प्रबंधात फारसं उतरलं नाही.

पीएचडीला सक्तीचं कोर्सवर्क, म्हणजे प्रबंधाआधी पुरा करायचा अभ्यासक्रम, आला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी. त्यात भर संशोधनपद्धतीवर होता: नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कशी करावी, संदर्भ कसे द्यावेत. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यावर नियम आले, १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालेल असं ठरलं, आणि पुढे संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रमही सक्तीचा झाला. चोरी होत होती, म्हणून हे लागलंच. पण दुसऱ्याचं घेऊ नका हे सांगून झालं, स्वतःचं कुठून आणायचं ते राहिलं. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर व्हायचा तर सुरक्षित विषय बरा, हे विद्यार्थ्यालाही कळतं आणि गाइडलाही. वर पदोन्नतीसाठी निबंधांची मोजदाद, त्यामुळे महिनोन्महिने नाणी तोलत बसायला सवड कोणाला?

२०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं ठेवलं. नीतिमत्तेचे दोन वजा जाता बाकीच्यांत पद्धतीच्या जोडीला दुसऱ्या विभागातला एखादा पेपर घ्यायचा, की जुन्याच नोट्स पुन्हा वाटायच्या, हे बरंचसं विद्यापीठाच्या आणि विभागाच्या हातात आहे.