ट्रॅव्हल ट्रेलरच्या फ्लोअरची दुरुस्ती

अमेरिका व कॅनडात गाडीमागे जोडून नेण्याच्या फिरत्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याचे फ्लोअर मुरलेल्या पाण्याने कुजते किंवा फुटलेल्या टायरने फाटते, आणि पुष्कळदा एकातून दुसरे उद्भवते. टायर फुटला की सुटलेला, पोलादी तारांचा पट्टा फिरता फिरता चाकावरची कमान फोडतो. जवळची वायर, कधी गॅसची नळीही तोडतो. मग त्या भोकातून रस्त्यावरचे पाणी प्लायच्या उघड्या कडेत शिरत राहते. म्हणून कमान तशीच ठेवून नुसते प्लाय बदलले, तर ते पुन्हा कुजते.

वरून येणारे पाणी छताचे सांधे, खिडकीची चौकट, कोपऱ्याची पट्टी यांतून झिरपते. तळाचे प्लॅस्टिकचे आवरण ते अडवून धरते व फायबरग्लासचे अस्तर भिजलेलेच राहते. त्यामुळे वरचे व्हिनाइलचे (प्लॅस्टिकच्या चादरीचे) आच्छादन धड दिसते, पण पाऊल दबते. ओलावामापकावर २० टक्क्यांहून जास्त आकडा आला, तर ते लाकूड संशयास्पद समजावे.

गळती आधी बंद करावी. बॅटरी व बाहेरची वीज तोडावी, गॅसची टाकी बंद करावी. करवतीच्या पात्याची खोली प्लायच्या जाडीइतकीच ठेवावी, कारण खाली वायर आणि पाण्याच्या नळ्या असतात. सडके लाकूड घट्ट भाग लागेपर्यंत कापावे. नवा सांधा फ्लोअरखालच्या आधाराच्या वाशाच्या मध्यावर आणावा, नाहीतर बाजूला आधाराची पट्टी जोडावी. भिंत फ्लोअरवरच उभी असते, त्यामुळे कडेचा भाग काढण्यापूर्वी तिला टेकू देणे अत्यावश्यक. उरलेले लाकूड पूर्ण वाळू द्यावे. घाई नेमकी इथेच नडते. नव्या प्लायच्या कडांना इपॉक्सी (पाणी रोखणारी राळ) लावून ते पॉलियुरेथेन गोंद व दर १५ सेंमी.वर स्क्रू यांनी बसवावा. दोन पाट्यांत ३ मिमी. फट ठेवावी. पातळ प्लाय व फोम चिकटवून केलेल्या फ्लोअरमध्ये भिजलेला फोमही काढावा लागतो.

कमान जस्ती पत्र्याची करून रिव्हेटने बसवावी व सांधे पॉलियुरेथेन सीलंटने भरावेत. सिलिकॉन टाळावे, त्यावर नंतर दुसरे काही चिकटत नाही. गॅसची नळी साबणाच्या पाण्याने तपासावी.

टायर का फुटला, हे शोधल्याशिवाय काम पुरे होत नाही. कमी हवा, जादा वजन, जुने रबर ही नेहमीची कारणे. टायरवरील डीओटी (अमेरिकेचे परिवहन खाते) क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. स्प्रिंग दबली असेल किंवा मोठ्या मापाचा टायर बसवला असेल, तर तो खड्ड्यात कमानीला घासतो. हे अंतर ट्रेलर सामानाने भरूनच मोजावे.