डिंक्या (संत्र्याचा रोग)

डिंक्या हा नागपुरी संत्र्याच्या झाडाला मुळांकडून आणि खोडाकडून लागणारा रोग. 'फायटोफ्थोरा' वंशाच्या जमिनीतल्या सूक्ष्मजीवांमुळे तो होतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि पलीकडे वरूड-मोर्शीच्या बागांमध्ये संत्रा वाळण्याच्या मोठ्या कारणांत त्याची गणना होते.

सुरुवात बहुधा कलमाच्या जोडाजवळ होते. तिथली साल काळपट पडते, तिला उभ्या चिरा जातात आणि चिरांतून डिंक पाझरतो. हा डिंक पाण्यात विरघळतो. त्यामुळे ऐन पावसाळ्यात, म्हणजे रोग सर्वात जोरात असताना, खोडावर तो दिसेलच असे नाही. नखाने साल खरवडून आत तपकिरी भाग दिसतो का, हे पाहणे अधिक खात्रीचे. पुढे पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पाने गळतात, फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. मरणपंथाला लागलेले झाड कधी कधी भरमसाट फुलते, आणि बागायतदाराला वाटते बहार चांगला आला.

फायटोफ्थोराला सवयीने बुरशी म्हणतात, पण तो खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळांच्या जवळचा. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. म्हणूनच निचरा नसलेली भारी काळी जमीन आणि खोडाशी साचणारे पाणी त्याला मानवते. कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशके त्याच्यावर चालत नाहीत. ती आळ्यात ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे. मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम लागू पडते.

नागपुरात 1985 साली लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. डिंक्याबाबत संस्थेचा भर औषधापेक्षा कलमांवर आहे, आणि ते योग्यच. रोग बागेत बहुतेक वेळा पन्हेरीतल्या (रोपवाटिकेतल्या) मातीबरोबरच येतो. त्यासाठी उन्हात तापवून निर्जंतुक केलेल्या मातीत, जमिनीपासून उचललेल्या ट्रेमध्ये आणि पिशव्यांमध्ये रोपे वाढवण्याची पद्धत संस्थेने रुजवली. जंबेरी आणि रंगपूर लाइम हे इथले नेहमीचे खुंट, म्हणजे ज्यांवर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात ती रोपे. डोळा जमिनीपासून निदान नऊ इंच वर बांधलेला हवा. बुटके कलम स्वस्त मिळते, पण जोड मातीत गाडला गेला की रोगाला दार उघडे.

लागलेल्या बागेत दुहेरी आळे करतात. आतल्या वरंब्यामुळे खोड कोरडे राहते, पाणी फक्त बाहेरच्या गोलात फिरते. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावतात: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे. तयार मिश्रणात विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालतात. तयार मलम त्याच दिवशी संपवावे लागते.