सबब आधी कोणाला पटते?

सबबी सांगणारा माणूस जाणूनबुजून खोटं बोलतो, असा आपला पक्का समज असतो. कधीकधी तो बोलतोही. पण पुष्कळदा त्याची सबब त्याला स्वतःला पूर्ण खरी वाटत असते, आणि चुकीची जबाबदारी घेणं अवघड होतं ते नेमकं इथे.

याचा सर्वांत सुंदर पुरावा मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांच्या १९७०च्या दशकातल्या एका प्रयोगात आहे. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझम या पट्ट्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. अपस्माराचे तीव्र झटके एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नयेत म्हणून काही रुग्णांचा हा पट्टा शस्त्रक्रियेने कापत. मग एका अर्धगोलाने पाहिलेलं दुसऱ्याला कळत नसे.

नजर मधल्या ठिपक्यावर असताना त्याच्या उजवीकडचं दृश्य डाव्या अर्धगोलाकडे जातं, डावीकडचं उजव्याकडे. ही वाटणी डोळ्यांची नाही, दृष्टिक्षेत्राची आहे, म्हणून नजर हलायच्या आत चित्र दाखवून काढून घ्यावं लागतं. एका रुग्णाला उजवीकडे कोंबडीचा पाय दाखवला, डावीकडे बर्फाचं दृश्य. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितली. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने बर्फ उपसायचं फावडं. हातांचा ताबाही उलट बाजूच्या अर्धगोलाकडे असतो; त्यामुळे दोन्ही निवडी अचूकच होत्या.

फावडं का निवडलं? उत्तर देणार डावा अर्धगोल, कारण बोलणं त्याच्याकडे. बर्फ तर त्याने पाहिलाच नव्हता! ‘माहीत नाही’ हेच खरं उत्तर होतं. रुग्णाने मात्र सहज सांगितलं की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं. तो थापा मारत नव्हता. केलेल्या कृतीला मागाहून कारण जोडणाऱ्या या यंत्रणेला गॅझानिगा ‘इंटरप्रिटर’ म्हणतात. (यावरून ‘तुम्ही डाव्या मेंदूचे की उजव्या?’ अशा चाचण्या कोणी विकत असेल तर घेऊ नयेत. अखंड मेंदूचे दोन्ही अर्धगोल सतत मिळून काम करतात.)

निरोगी माणसंही यातून सुटत नाहीत. स्वीडनमध्ये पेटर योहानसन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना दोन चेहऱ्यांपैकी आवडता निवडायला लावला आणि हातचलाखीने नाकारलेला फोटो हाती दिला. अदलाबदल बहुतेक वेळा कुणाच्या लक्षात आली नाही. उलट, न निवडलेला चेहरा आपल्याला का आवडला याची कारणं लोकांनी दिली.

‘मेंदूच असा घडलाय, मग माझा काय दोष?’ असा निष्कर्ष यातून काढणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. आपल्या कृतीचं कारण मागाहून सुचतं हे कळलं, की ते तपासायचं कामही आपल्याच अंगावर येतं. चूक झाल्यावर झटकन सुचलेलं कारण मी पुरावा मानत नाही. महत्त्वाचा निर्णय घेतानाच तो का घेतला, हे तारखेसह दोन ओळींत लिहून ठेवावं. पुढे काम फसलं, तर आठवणीतलं कारण त्या ओळींशी ताडून बघता येतं.