नाव नोंदलं सोमवारी, दिसलं बुधवारी

ऑफिसच्या आयटी विभागात काही वर्षं काढली की एक तक्रार झोपेतही ओळखू येते. "सर, आमच्याकडे सोमवारी नवीन मॅडम जॉइन झाल्या. शेजारच्या टेबलावर त्यांचं नाव येतंय, माझ्या आउटलुकमध्ये येत नाही. माझं मशीन बिघडलंय का?" मशीन ठणठणीत असायचं. मी ठरलेलं उत्तर द्यायचो, "रीस्टार्ट करून बघा." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाव आपसूक दिसायला लागायचं आणि श्रेय रीस्टार्टला जायचं. त्या न कमावलेल्या श्रेयाचं थोडं प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये आपण जी अ‍ॅड्रेस बुक उघडतो, ती बहुतेक वेळा मूळ वही नसते. ती नकल असते. आउटलुक २००३ पासून 'कॅश्ड मोड' नावाची सोय आली: पत्रं आणि पत्त्यांची वही दोन्ही आपल्याच मशीनवर उतरवून ठेवायची आणि काम त्या नकलेवर करायचं. घाटातल्या बोगद्यात गाडी शिरून नेटवर्क गेलं, तरी लॅपटॉपवर साहेबांचं नाव शोधता येतं ते यामुळेच. या नकलेचं नाव ऑफलाइन अ‍ॅड्रेस बुक. नकल म्हटली की ती कधी काढली, हा प्रश्न आलाच.

आता सोमवारी सकाळी दहाला नोंदलेल्या नावाचा प्रवास बघू. मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांची मूळ नोंद अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, आणि तीही एकाच सर्व्हरवर नसते. प्रत्येक शहरातल्या शाखेत तिची प्रत असते. एका शाखेतला बदल दुसऱ्या शाखेकडे जायला, कोणी सेटिंग बदललं नसेल तर, १८० मिनिटांपर्यंत लागू शकतात. कंपनीची ईमेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल, तर तिथे नोंद पोचवणारा प्रोग्राम दर ३० मिनिटांनी फेरी मारतो. तिथे एक्सचेंज हा मायक्रोसॉफ्टचा ईमेल सर्व्हर या नोंदींवरून ऑफलाइन वही नव्याने बांधतो, दर ८ तासांनी. शेवटी तुमचं आउटलुक ती वही उतरवतं, आधीच्या वेळेपासून २४ तासांनी.

बेरीज करा: ३ अधिक अर्धा अधिक ८ अधिक २४, म्हणजे साडेपस्तीस तास. सगळ्या गाड्या जेमतेम चुकल्या, तर सोमवारी सकाळी दहाचं नाव मंगळवारी रात्री साडेनऊला पोचतं, म्हणजे माणसाला ते बुधवारी दिसतं. सरासरी याच्या निम्मी, पावणेअठरा तास. यात कुठेही बिघाड नाही. चार घड्याळं आपापल्या गतीने चालली आहेत, एवढंच.

शेजारच्या टेबलाचं कोडंही इथेच सुटतं. २४ तास मोजायची सुरुवात प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी. कोणाचं आउटलुक सकाळी साडेनऊला वही आणतं, कोणाचं दुपारी चारला. दोन मशीनं एकाच टेबलावर असली, तरी पत्त्यांच्या बाबतीत ती वेगवेगळ्या दिवशी जगत असू शकतात.

मग हे दर मिनिटाला का करत नाहीत? समजा, ५० हजार माणसांची संस्था आहे आणि वही ३० एमबीची आहे. सगळ्यांनी एकेकदा पूर्ण वही उतरवली की दीड टेराबाइट झाले, तेही बहुधा सकाळी दहाच्या सुमारास, सगळे एकदम लॅपटॉप उघडतात तेव्हा. म्हणून रोज पूर्ण वही येत नाही, फक्त बदलांची छोटी फाइल येते. सातबारा दरवेळी नव्याने लिहीत नाहीत, फेरफार नोंदवून त्यात बदल करतात, तसाच हा प्रकार. मात्र कंपनीने एका रात्रीत सगळ्यांची पदनामं बदलली, तर फेरफारच वहीएवढा जाड होतो आणि आउटलुक सरळ पूर्ण वही मागवतं. अशा सकाळी नेटवर्क का रांगतंय, हे कोणालाच कळत नाही.

दोष शोधायचा असेल, तर प्रश्न एकच: कोणती नकल शिळी आहे? त्याची सगळ्यात सोपी परीक्षा ब्राउझरमध्ये होते. ब्राउझरमधलं आउटलुक तुमच्या मशीनवरची नकल न बघता सर्व्हरला विचारतं. तिथे नाव दिसलं आणि मशीनवर दिसलं नाही, तर अडलंय ते शेवटच्या टप्प्यात. 'सेंड/रिसीव्ह'च्या पट्टीत 'सेंड/रिसीव्ह ग्रुप्स', त्यात 'डाउनलोड अ‍ॅड्रेस बुक' असं बटण आहे. ते २४ तासांचं घड्याळ बाजूला ठेवतं. पण सर्व्हरवरची ८ तासांची फेरी त्याच्या हातात नाही. सर्व्हरने नवी वही बांधलीच नसेल, तर बटण कितीही दाबा, जुनीच वही पुन्हा तपासली जाईल. आणि ब्राउझरमध्येही नाव नसेल, तर तुमच्या मशीनला हात लावू नका. माझ्या अनुभवात अशा वेळी बहुधा 'यादीतून लपवा' ही खूण सापडायची. एचआरवाले खातं आठवडाभर आधी काढतात, माणूस रुजू होईपर्यंत लपवून ठेवतात आणि मग खूण काढायला विसरतात.

ही गोष्ट आउटलुकपेक्षा बरीच जुनी आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोच्या संशोधन केंद्रात ग्रेपव्हाइन नावाची ईमेल यंत्रणा होती. १९८२ मध्ये बिरेल, लेव्हिन, नीडहॅम आणि श्रोडर या चौघांनी तिच्यावर निबंध लिहिला. तिथेही वापरकर्त्यांच्या यादीच्या प्रती अनेक सर्व्हरवर होत्या आणि गंमत म्हणजे यादीतला बदल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ईमेलनेच जायचा. काही काळ प्रती एकमेकींशी जुळणार नाहीत, हे त्यांनी समजून-उमजून पत्करलं होतं. सगळ्या प्रतींना एकाच क्षणी कुलूप लावून बदल करायचा, तर एक सर्व्हर बंद पडला की सगळ्यांचं काम अडणार.

पुढे झेरॉक्सच्याच क्लिअरिंगहाउस या नावनोंदणी यंत्रणेत हे प्रकरण अंगाशी आलं. प्रती जुळवण्यासाठी सर्व्हर रात्री एकमेकांना पत्रं पाठवायचे. ३०० ठिकाणी ठेवलेल्या यादीपायी एका रात्रीत ९० हजार पत्रं सुटू शकत होती. १९८७ मध्ये अ‍ॅलन डेमर्स आणि सहकाऱ्यांनी एका निबंधात यावर उपाय सुचवला आणि तो चक्क साथीच्या रोगांच्या गणितातून उचलला. सर्व्हरने बातमी सगळ्यांना सांगत बसू नये. मिळेल त्या एखाद्या सर्व्हरच्या कानात सांगावी, त्याने आणखी कोणाच्या. समोरचे "हे मला माहीत आहे" असं वारंवार म्हणायला लागले, की आपला उत्साह आटोपता घ्यावा. वाड्याच्या चौकात बातमी अशीच पसरायची आणि फार काळ कोणालाच त्यात रस उरायचा नाही. कोणी एखादा सुटलाच, तर अधूनमधून दोन सर्व्हर आपल्या याद्या पूर्ण ताडून घेतात.

मला या निबंधातला सगळ्यात आवडणारा भाग नाव पुसण्याबद्दलचा आहे. नाव जोडणं सोपं, पुसणं अवघड. समजा, एका सर्व्हरने नाव खोडलं. दुसऱ्याकडे ते अजून आहे. दोघांनी याद्या ताडल्या की पहिला म्हणणार, "अरे, हे नाव माझ्याकडे नाही, नवीन दिसतंय," आणि परत लिहून घेणार. गेलेला माणूस पुन्हा यादीत हजर! नसणं ही बातमी होऊ शकत नाही, कारण नसण्याची नोंदच नसते. म्हणून डेमर्स मंडळींनी मृत्यूचा दाखला काढला, शब्दशः त्याच नावाने. नाव नुसतं खोडायचं नाही, त्याच्या जागी 'हे नाव या वेळी गेलं' असा दाखला ठेवायचा आणि तो पसरवायचा.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत या दाखल्याला टूमस्टोन म्हणतात, म्हणजे थडग्याचा दगड. तो सुरुवातीला ६० दिवस जपला जायचा. विंडोज सर्व्हर २००३च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्या यंत्रणेत ही मुदत १८० दिवस झाली. कोपऱ्यातल्या शाखेतला एखादा सर्व्हर त्याहून जास्त काळ बंद राहिला आणि मग कोणी उत्साहाने चालू केला, की दाखले निघून गेलेले असतात आणि त्याच्याकडची जुनी नावं भुतासारखी वावरू लागतात. 'निवृत्त झालेले साहेब यादीत परत कसे आले?' या तक्रारीमागे कधीकधी हे असतं.

एक नकल मात्र या सगळ्या फेऱ्यांच्या बाहेर राहते. 'टू'च्या चौकटीत दोन अक्षरं टाइप केली की खाली जी नावं सुचवली जातात, ती वहीतून आलेली असतीलच असं नाही. ती तुम्ही पूर्वी कोणाला लिहिलं त्याची तुमची खासगी आठवण असते, साधारण १००० नावांपर्यंतची. आमच्या ऑफिसात एक सहकारी नोकरी सोडून गेले आणि वर्षभराने परत आले. नाव तेच, ईमेल पत्ता तोच, खातं मात्र नवं. नव्या लोकांची पत्रं त्यांना मिळायची. जुन्या दोस्तांची पत्रं 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत यायची. परतलेल्या पत्रात आयएमसीईएईएक्स अशा अक्षरांनी सुरू होणारा अगम्य पत्ता असायचा. कारण एक्सचेंज आतल्या आत माणसाला आपल्याला दिसणाऱ्या पत्त्याने ओळखत नाही, स्वतःच्या एका लांबलचक अंतर्गत पत्त्याने ओळखतं. दोस्तांच्या आठवणीत होता तो जुना, खोडलेला अंतर्गत पत्ता.

ज्याने-त्याने सुचवलेल्या नावापुढची फुली दाबून ती आठवण पुसली असती, तरी काम झालं असतं. पण दीडशे माणसांना ते सांगत कोण फिरणार? शेवटी सर्व्हरवर त्यांच्या नव्या खात्याला जुना अंतर्गत पत्ता एक्स-५०० प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडला. दुपारपासून जुन्या दोस्तांची पत्रं पोचायला लागली. त्यातली पहिली तीन 'अरे, तुझा मेल का बाउन्स होतोय?' हे विचारणारी होती.