शेल स्क्रिप्टमधील दोषशोधन

शेल स्क्रिप्टमधील दोषशोधन : मजकुरावर प्रक्रिया करणाऱ्या किंवा फाइलींचा बॅकअप घेणाऱ्या शेल स्क्रिप्टमधील चूक हुडकून ती दुरुस्त करण्याचे काम. शेल म्हणजे वापरणाऱ्याच्या आज्ञा वाचून त्या संगणकाकडून पार पाडून घेणारा प्रोग्राम; अशा आज्ञा क्रमाने लिहिलेली फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट. इतर संगणकीय भाषांतील दोषशोधनाहून ते एका बाबतीत वेगळे पडते. शेलच्या लेखी जवळपास सारे काही मजकूरच असते. त्यामुळे चूक झाली तरी स्क्रिप्ट बहुधा अडत नाही. चुकीचा मजकूर पुढच्या आज्ञेच्या हाती देऊन मोकळी होते.

‘शेल’ हे नाव फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ लुई पूझँ यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास, मल्टिक्स प्रणालीच्या आखणीच्या वेळी दिले असे मानतात. त्याआधी त्यांनी आज्ञांची फाइल क्रमाने चालवणारा ‘रनकॉम’ लिहिला होता. आजच्या सेटिंग फाइलींच्या नावातील ‘आरसी’ ही अक्षरे त्यावरून आली. युनिक्स या संगणक प्रणालीवरचा पहिला शेल केन टॉम्प्सन यांचा (१९७१). एका आज्ञेचे उत्पादन थेट पुढच्या आज्ञेला देणाऱ्या पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांची. ती १९७३ मध्ये प्रत्यक्षात उतरली. आज रूढ असलेले व्याकरण मात्र स्टीफन बोर्न यांच्या १९७९ च्या शेलचे आहे आणि ब्रायन फॉक्स यांचा बॅश (१९८९) त्याचाच वारसदार होय.

स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची हे सांगणाऱ्या, तिच्या पहिल्या ओळीतील ‘#!’ या जोडचिन्हाबद्दल थोडे मतभेद आहेत. ही सोय सातव्या व आठव्या आवृत्तीच्या दरम्यान युनिक्समध्ये आली. युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांचे जानेवारी १९८० चे पत्र हा तिचा सर्वांत जुना पुरावा समजला जातो; मात्र कल्पनेचे श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलेले नाही. तोवर कोणता शेल चालवायचा हे अंदाजानेच ठरे. बर्कलीचा सी-शेल तर पहिले अक्षर ‘#’ असेल तर फाइल आपली, नसेल तर बोर्नची, एवढ्यावर निवाडा करी. या जोडचिन्हाचे ‘शेबँग’ हे नाव ‘शेल’वरून आले असे काही म्हणतात, ‘हॅश’ किंवा ‘शार्प’ आणि ‘बँग’ यांच्या जोडीचा तो अपभ्रंश, हे मत अधिक संभवनीय दिसते.

याच ओळीशी निगडित असा एक दोष नवख्यांना हमखास चकवतो. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन चिन्हे असतात, युनिक्सला एकच लागते. उरलेले कॅरेज रिटर्न शेलच्या नावाला चिकटते आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार येते. संपादकात ओळ अगदी निर्दोष दिसते. ‘कॅट -ए’ने पाहिले तर ओळीच्या टोकाला ‘^एम’ उभे असते.

अवतरणचिन्हे गाळणे हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वाधिक आढळणारा दोष. व्हेरिएबल (मजकूर साठवणारे नाव) अवतरणाविना वापरले की बोर्न परंपरेतील शेल त्यातील मजकूर स्पेसवर तोडतो. ‘जमाखर्च मार्च’ नावाची फाइल पुसायला सांगितली तर ‘जमाखर्च’ आणि ‘मार्च’ अशा दोन फाइली पुसण्याचा प्रयत्न होतो. ‘जमाखर्च’ नावाची वेगळी फाइल तिथे असेल तर तीच जाते. व्हेरिएबल रिकामे निघाले तर प्रकरण आणखी गंभीर होते, कारण ‘फोल्डर आणि त्यापुढची तिरकी रेघ’ यातली नुसती रेघ उरते आणि तिचा अर्थ संपूर्ण डिस्क. म्हणून पुसण्याच्या आज्ञेत ‘:?’ लावून व्हेरिएबल रिकामे असल्यास तिथेच थांबण्याची तजवीज करतात.

मजकूर प्रक्रियेत एक चूक जाणकारांकडूनही होते : सॉर्ट या ओळींचा क्रम लावणाऱ्या आज्ञेचे उत्पादन ती वाचते त्याच फाइलीत वळवणे. शेल आधी ‘>’ हे वळवण्याचे चिन्ह पाहून फाइल रिकामी करतो, मग सॉर्टला बोलावतो. तोवर क्रम लावायला काही उरलेले नसते.

देवनागरी मजकुरात यांखेरीज काही खास अडचणी येतात. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत, यूटीएफ-८ मध्ये ती पंधरा बाइट घेतात. त्यामुळे ऑक या मजकूर-प्रक्रियेच्या भाषेच्या एका अवतारात लांबी ५ येते, दुसऱ्यात १५. भाषेचे नियम ठरवणारे ‘एलसी_ऑल’ हे ‘सी’ (म्हणजे केवळ बाइटक्रम) ठेवून सॉर्ट केले की ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच, ‘व’च्या आधी येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तिथे आहे, वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे. सर्वांत चिवट दोष आडव्या रफाराचा. ‘दुसऱ्या’तील रफार ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मजकूर शोधणारा ग्रेप एक शोधतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. अशा वेळी ‘एक्सएक्सडी’ने बाइट पाहण्यावाचून इलाज नाही.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये दोष बहुधा उशिरा कळतो, म्हणजे बॅकअपची गरज पडते तेव्हा. पाइपलाइनचा निकाल शेल शेवटच्या आज्ञेवरून ठरवतो. डेटाबेसचा डंप (साठ्याची मजकूररूप प्रत) जीझिप या आकार कमी करणाऱ्या प्रोग्रामकडे पाठवताना डंप फसला, तरी जीझिप यशस्वीच ठरते आणि रोज रात्री वीस बाइटची एक फाइल तयार होत राहते. रिकाम्या मजकुराचे जीझिप तेवढेच भरते. पाइपलाइनमधली कोणतीही आज्ञा फसली तर सारी फसली मानणारा ‘पाइपफेल’ हा उपाय बॅशमध्ये जुना आहे, युनिक्सच्या पॉझिक्स मानकात तो २०२४ मध्ये आला. आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबवणारे ‘सेट -ई’ सरसकट लावावे की नाही यावर जाणकारांत एकमत नाही. ‘इफ’च्या अटीत ते निष्प्रभ होत असल्याने प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेचा निकाल स्वतंत्रपणे तपासणे बरे.

हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) का चालत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा तोकड्या ‘पाथ’मध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, असते. दुसरे कारण कमी ठाऊक आहे : क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकात, ‘%’ म्हणजे नवी ओळ. फाइलीच्या नावात तारीख घालणारी आज्ञा तिथेच तुटते. प्रत्येक ‘%’च्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. फाइलींच्या प्रती करणाऱ्या आरसिंकमध्ये (१९९६) स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर फोल्डरमधला ऐवज जातो, नसेल तर फोल्डरच. स्रोतात नसलेल्या फाइली प्रतीतून पुसणारा ‘डिलीट’ पर्याय जोडण्याआधी ‘ड्राय-रन’, म्हणजे काही न बदलता चाचणी, करून पाहतात ते यासाठीच.

गिटलॅब या संस्थेत ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा नेहमीचे डंपही नसल्याचे उघड झाले. डंपचा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप फसत होता. क्रॉनने अपयशाच्या मेल पाठवल्या होत्या, पण त्या डिजिटल स्वाक्षरीअभावी नाकारल्या गेल्या.

याहून बोधप्रद घटना जपानमधील क्योतो विद्यापीठाची. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइटच्या ३ कोटी ४० लाख फाइली नाहीशा झाल्या. संशोधकांच्या १४ गटांना फटका बसला. त्यांपैकी चार गटांचा विदा परत मिळू शकला नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये दहा दिवसांहून जुन्या लॉग फाइली पुसणारी फाइंड आज्ञा होती. वाचायला सोपे जावे म्हणून व्हेरिएबलची नावे बदलण्यात आली आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्यावर लिहिली गेली. बॅश संपूर्ण फाइल आधी वाचून घेत नाही, चालता चालता वाचतो. त्यामुळे सुरुवात जुन्या स्क्रिप्टची आणि शेवट नव्या स्क्रिप्टचा अशी काही एक स्क्रिप्ट चालली; नव्या नावांची व्हेरिएबले तिला कोणी दिलीच नव्हती, म्हणून ती रिकामी राहिली आणि फाइंडने लॉगऐवजी साठ्यातल्याच फाइली पुसल्या. नवी आवृत्ती वेगळ्या फाइलीत लिहून मग ‘एमव्ही’ने नाव बदलले, तर चालू असलेला शेल जुनीच फाइल वाचत राहतो.

दोषशोधनाची साधने मोजकीच आहेत. ‘सेट -एक्स’ प्रत्येक आज्ञा व्हेरिएबल उलगडून छापतो, ‘-एन’ न चालवता फक्त व्याकरण तपासतो. शेलचेक हा प्रोग्राम गाळलेली अवतरणे आणि तशाच नेहमीच्या चुका दाखवतो. क्योतोसारखी चूक मात्र त्याच्या नजरेस पडत नाही. तिथे दोष फाइल कधी बदलली यात होता.