मोशेच्या वाटेचे गणित : वाऱ्याने समुद्र हटू शकतो का?

इजिप्तच्या गुलामीतून इस्राएल लोकांना बाहेर काढताना मोशेने समुद्रावर हात उगारला आणि पाणी क्षणात फाटून त्यांना वाट मिळाली, असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकातल्या 14व्या अध्यायाचे 21वे वचन मात्र वेगळे सांगते. रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहत राहिला, त्याने समुद्र मागे हटला आणि तळाची जमीन उघडी पडली. वाऱ्याची दिशा, त्याचा जोर आणि तो किती वेळ वाहिला, या तिन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. म्हणूनच बायबलमधल्या चमत्कारांत हा एक असा आहे, ज्याला आकडेमोडीची कसोटी लावता येते.

वारा पाण्यावरून वाहतो तेव्हा पृष्ठभागाला घासून पाणी आपल्या दिशेने ओढतो. एका टोकाला पाणी चढते, दुसऱ्या टोकाला ओसरते. चढलेले पाणी परत खाली यायला बघते. या परतीच्या जोराची आणि वाऱ्याच्या ओढीची बरोबरी झाली की पाण्याचा पृष्ठभाग तिरका होऊन स्थिरावतो. चक्रीवादळात किनाऱ्यावर समुद्र चढतो, त्यात मोठा वाटा याच ओढीचा असतो. इथे प्रश्न त्याच्या उलट्या बाजूचा, ओसरणाऱ्या टोकाचा आहे.

हा उतार किती होईल, ते साध्या सूत्राने काढता येते. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. पाण्याची खोली मात्र छेदात येते, म्हणजे पाणी जितके खोल तितका उतार कमी. ताशी 100 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 28 मीटरचा वारा धरू. घर्षणाचा गुणांक 0.002 घेतला, तर दर चौरस मीटरवर सुमारे 1.9 न्यूटन ओढ पडते. पाणी 2 मीटर खोल असेल तर एका किलोमीटरमागे पातळीत जवळपास 10 सेंटिमीटरचा फरक पडतो. वीस किलोमीटर लांबीच्या सरोवरात दोन टोकांमधला फरक दोन मीटरांच्या आसपास जातो, म्हणजे ओसरणाऱ्या बाजूचा उथळ काठ कोरडा पडायला लागतो. तोच वारा 500 मीटर खोल पाण्यावर वाहिला तर किलोमीटरमागे फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी!

सगळी मेख या खोलीत आहे. इस्राएल लोक तांबड्या समुद्राच्या ईशान्य फाट्यातून, अकाबाच्या आखातातून पार झाले, असे सांगणारे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. त्या आखाताची खोली काही ठिकाणी 1,800 मीटरांच्या पुढे आहे. पृथ्वीवरचा कुठलाही वारा तिथे तळ उघडा पाडू शकत नाही. तिथे पाणी दुभंगले असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने ते श्रद्धेने म्हणावे. वाऱ्याचा आधार त्याला मिळणार नाही.

उथळ पाण्यात मात्र हे आजही घडते. अमेरिकेतल्या ईरी सरोवरावर नैऋत्येचा वादळी वारा सुटला की टोलेडोकडचे पाणी ओसरते, बफलोकडचे चढते, आणि दोन टोकांच्या पातळीत 4 मीटरांहूनही जास्त फरक नोंदला गेला आहे. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळ जवळ येत असताना फ्लोरिडातल्या टँपा उपसागराचा तळ उघडा पडला आणि लोक त्यावर चालायला उतरले. पाणी परत येईल तेव्हा जिवावर बेतेल, असा इशारा त्यांना द्यावा लागला. आपल्या विषयाच्या सर्वांत जवळची नोंद इजिप्तमधलीच आहे. नाईलच्या मुखाजवळच्या मंझाला सरोवरावर 1882 मध्ये पूर्वेचे वादळ सुटले. ब्रिटिश लष्करी अधिकारी अलेक्झांडर टुलक यांनी लिहून ठेवले आहे, की दुसऱ्या दिवशी पाणी मैलोन् मैल मागे हटले होते आणि आदल्या दिवशी जिथे होड्या होत्या तिथल्या चिखलात माणसे चालत होती.

डोरोन नोफ आणि नेथन पाल्डोर या संशोधकांनी 1992 मध्ये सुएझच्या आखाताच्या उत्तर टोकासाठी असे गणित मांडले. पुढे काही रशियन संशोधकांनी तिथल्या पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यावरून वाट निघाली असेल, असे सुचवले. या कल्पनेत एक अडचण आहे. उंचवटा एकसारखा सपाट असेल तरच तो पूर्ण उघडा पडतो. मध्ये एखादी खोलगट घळ असली तर पाणी त्याच फटीतून वाहत राहते आणि वाट तुटते. निसर्गात असे सपाट उंचवटे जवळपास मिळत नाहीत.

कार्ल ड्रूज आणि वेईकिंग हान यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेली संगणकीय मांडणी मला यांत सर्वांत भक्कम वाटते. त्यांनी जागा निवडली ती नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेची. नाईलचा एक जुना फाटा तिथे किनाऱ्यालगतच्या उथळ सरोवराला मिळत होता, असे मानले जाते. पाणी सुमारे 1.8 मीटर खोल, वारा पूर्वेचा, ताशी 100 किलोमीटरचा, 12 तास. त्यांच्या प्रारूपात 3 ते 4 किलोमीटर लांब आणि सुमारे 5 किलोमीटर रुंद असा चिखलाचा पट्टा चार तास उघडा राहिला. सरळ काठाच्या सरोवरात वारा फक्त एक बाजू कोरडी करतो. दोन्ही हातांना पाणी उरत नाही. इथे मात्र पाण्याला वळण आहे. वाऱ्याने रेटलेले पाणी वळणापाशी दोन वाटांनी, सरोवरात आणि नदीत, मागे सरते आणि मधला पट्टा मोकळा होतो. दोन्ही बाजूंना पाणी असल्याचे कथेतले वर्णन यात बसते, फक्त उंच भिंती मिळत नाहीत. वारा थांबला की पाणी वेगाने परत येते, हेही कथेशी जुळते.

आता चालणाऱ्यांचा विचार करू. ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला तर मोठ्या माणसाच्या अंगावर अंदाजे 28 किलो वजनाइतका रेटा पडतो. तेवढ्या वाऱ्यात उभे राहणेच कठीण, त्यात पायाखाली गाळ, कडेवर लेकरे आणि सोबत गुरे. बायबल फक्त पुरुषच सहा लाख सांगते. बायकामुले धरून वीस लाख मानू. पाच किलोमीटरच्या पूर्ण रुंदीवर दोन-दोन मीटर अंतराने रांगा केल्या, तर एका रांगेत 2,500 माणसे मावतात आणि 800 रांगा होतात. ताशी दोन किलोमीटर वेगाने त्या तीन तासांच्या आत पार होतील. लोक नेहमीसारखे अरुंद वाटेने, दहा-दहांच्या रांगेने गेले असते, तर तांडा 400 किलोमीटर लांब झाला असता. म्हणून वारा मान्य केला तरी संख्या मान्य करणे अवघड जाते.

बायबलमधल्या इतर घटनांना आकडेमोडीने तपासले जाण्याचा हा मान मिळत नाही. इस्राएल लोक पार व्हावेत म्हणून यार्देन नदी थांबल्याची कथा त्यातल्या त्यात सोपी: नदीकाठच्या दामियाजवळचे मातीचे काठ ढासळून नदी काही तास अडल्याची नोंद 1267 सालची आहे, आणि बायबलही पाणी थांबल्याची जागा तिथेच, आदाम नगराजवळ, सांगते. लोकांच्या सुटकेआधी इजिप्तवर ओढवलेल्या दहा पीडांचे, म्हणजे संकटांचे, मात्र तसे नाही. तांबडा झालेला नाईल, मग बेडूक, माश्या, गुरांचा रोग अशी नैसर्गिक कारणांची साखळी अभ्यासक ग्रेटा होर्ट यांनी 1957 मध्ये जोडून दाखवली. यातली प्रत्येक कडी शक्य आहे. पण प्रत्येक कडीची शक्यता निम्मी धरली, तरी दहाही ओळीने घडण्याची शक्यता हजारात एक उरते. शिवाय इथे मोजायला खोली नाही की वेग नाही, त्यामुळे हे स्पष्टीकरण चुकीचे ठरवण्याची सोयच राहत नाही. मला ही साखळी पटत नाही.

समुद्राच्या वाटेबाबत एवढेच म्हणता येते, की योग्य जागी ते घडू शकते. ते घडले, हे यातून सिद्ध होत नाही. नेमक्या त्याच रात्री वारा का सुटला, हा श्रद्धावंताचा प्रश्नही या सूत्राच्या कक्षेत येत नाही. कोकणातले बेने इस्रायल आणि जगभरचे यहुदी या सुटकेची आठवण दरवर्षी वल्हांडण सणाला करतात. त्या आठवणीला या गणिताची गरज नाही.

इतिहासाच्या बाजूने पुरावा तुटपुंजा आहे. इजिप्तचा राजा फारो मेर्नेप्ताहच्या इ. स. पूर्व 1208च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएलचे नाव येते, पण कनान, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या, प्रदेशातले लोक म्हणून. इजिप्तमधून सुटून गेलेल्यांचा तिथे उल्लेख नाही. त्रिभुज प्रदेशातल्या गाळाचे उभे नमुने काढून तिथे सरोवर होते का, किती उथळ होते आणि नदीचा फाटा नेमका कुठून वाहत होता, हे ताडता येते, आणि ड्रूज-हान यांच्या नकाशाची खरी परीक्षा तीच आहे. तळ चार तास उघडा पडून पुन्हा बुडाला, याची खूण गाळात वेगळी ओळखू येईल इतकी ठळक उरत नाही.