गंगेवरचा दगड कोणाच्या काळातला?

नाशिककरांकडे पाहुणा आला की त्याला आधी गंगेवर न्यायचे. गोदावरी हे नाव नकाशावर. गावात सगळे 'गंगेवर जाऊन येतो' असेच म्हणतात. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम असा फेरा झाला की पाहुण्याचा ठरलेला प्रश्न येतो: हे सगळे रामाच्या काळातले का? क्षेत्र फार जुने, यात वाद नाही. पण डोळ्यांना दिसणारी देवळे बहुतेक पेशवाईतली, आणि त्यांतली नावाजलेली तर साधारण अर्ध्या शतकात उभी राहिलेली.

मोगलांच्या काळात हे गुलशनाबाद होते. पेशव्यांचा अंमल बसला आणि जुने नाव परत आले. कारभार पुण्यात, तीर्थ मात्र इथे. मोहिमांवर पैसा आणि नाव कमावलेले सरदार घाटावर देऊळ बांधू लागले. त्यात पुण्य होतेच. थोडी मिरवामिरवही असावी, असे मला वाटते. सराफ बाजारातला सरकारवाडा पेशव्यांचाच.

नारोशंकराचे देऊळ बघा. नारो शंकर राजेबहाद्दर म्हणजे झाशीचा सुभा सांभाळलेला, मालेगावचा भुईकोट बांधणारा सरदार. त्याने 1747 मध्ये गंगेकाठी रामेश्वराचे देऊळ बांधले, पण रामेश्वर म्हणून विचाराल तर चटकन कोणी सांगणार नाही. ओळख राहिली ती दर्शनी भिंतीवरच्या घंटेची. ही घंटा पोर्तुगीज, तिच्यावर 1721 साल आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठी देवळांत आल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळच्या मेणवलीला एक. आमची मात्र पुराच्या कामाला आली. पावसाळ्यात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले यावर पूर मोजायचा, आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर.

पलीकडच्या काठावरचे सुंदरनारायण 1756 चे, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेले. सरदार ओढेकरांचे काळ्या दगडातले काळाराम त्यानंतरचे, अठराव्या शतकाच्या अखेरचे. काळारामाच्या बाबतीत मात्र बांधणाऱ्यापेक्षा दाराबाहेर थांबवलेल्यांचा इतिहास मोठा आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला. काही वर्षे झुंजूनही दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. पाहुण्याला पूर्व दरवाजात उभे केले की मी आधी हे सांगतो, मग कोरीवकाम.

खरे जुने बघायचे तर गावाबाहेर, पांडवलेण्यांवर चढायचे. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ही बौद्ध लेणी, एकूण 24. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे, आणि तो वाचताना चक्क पतपेढीचे पासबुक हातात आल्यासारखे वाटते. त्याने भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले: 2000 दरमहा शेकडा एक दराने, 1000 दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण कपड्यासाठी. हिशेब करून पाहा: वर्षाचे व्याज 240, वीस जणांत वाटले की बरोबर बारा!

हे गोवर्धन अजून आहे, गंगापूर रस्त्याला. वाइनरी बघायला निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्या त्याच गावावरून जातात.